संगीतसूर्य केशवराव भोसले

आज गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम म्हटला, की ध्वनिक्षेपक हवाच. गिटार वाजवणारा तरुण आपल्याबरोबर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतो. एक बटण फिरवले, की आवाज मोठा होतो. शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीवर अशी सोय नव्हती. गायक नटाला आपला गळा आणि समोरचे नाट्यगृह यांवरच भिस्त ठेवावी लागे. त्या काळात ज्यांच्या आवाजाने सारा महाराष्ट्र भारून गेला, त्या केशवराव भोसले यांची ही ओळख आहे.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. घरची परिस्थिती अतिशय गरिबीची होती. त्यांच्या आईचे नाव जनाबाई. शाळेत जाऊन शिकण्याच्या वयातच त्यांना पोटासाठी नाटक मंडळीत जावे लागले. त्यांचे शालेय शिक्षण असे झालेच नाही. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी हीच त्यांची शाळा ठरली. नाटक मंडळी म्हणजे गावोगाव फिरणारे मोठे कुटुंबच असे. नट, वादक, आचारी, सामानसुमान असे सारे बिऱ्हाड घेऊन मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी जात. तेथे पहाटे उठून गाण्याचा रियाज करायचा, दिवसा तालीम करायची आणि रात्री नाटक करायचे. लहानग्या केशवचे बालपण असेच गेले.

त्या काळी स्त्रिया बहुधा रंगमंचावर येत नसत. स्त्रियांच्या भूमिका मुले व तरुण करत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकात पैशासाठी म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या एका कोवळ्या मुलीची कथा आहे. त्यातील शारदेची भूमिका केशवला लहान वयातच मिळाली आणि ती खूप गाजली. त्याचा आवाज उंच, धारदार आणि चपळ होता. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गवयाची तालीम त्या आवाजाला मिळाली.

केशवराव महत्त्वाकांक्षी होते. दुसऱ्याच्या मंडळीत नोकर म्हणून राहण्यात त्यांना समाधान वाटेना. 1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी ते अवघे सतरा वर्षांचे होते. ज्या वयात मुले परीक्षेची काळजी करतात, त्या वयात या तरुणाने अनेक माणसांच्या पोटापाण्याची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतली.

गावोगाव फिरणाऱ्या मंडळींना नाट्यगृहेही नाना प्रकारची मिळत. कुठे पक्की दगडी इमारत असे, कुठे पत्र्याचे छप्पर, तर कुठे नुसता कापडी मांडव. गायक तोच, पद तेच, पण जागा बदलली की गाणे निराळे ऐकू येई. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर अंतर जातो. गायकाच्या मुखातून निघालेला आवाज थेट आपल्या कानी येतो. तोच आवाज भिंती, छत आणि जमीन यांवर आपटून पुन्हा आपल्याकडे येतो. परत आलेला हा आवाज लगेच पोहोचला, तर तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याला बळ देतो. तो फार उशिरा आला, तर एका शब्दावर दुसरा शब्द चढतो आणि काहीच नीट कळत नाही. सुमारे 17 मीटर दूर असलेल्या मोठ्या भिंतीवरून परतलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो.

दगड, सिमेंट आणि काच हे पदार्थ आवाजाला परतवून लावतात. जाड पडदे, गाद्या आणि माणसांचे कपडे त्याला शोषून घेतात. रिकाम्या खोलीत आपला आवाज घुमतो. पण त्याच खोलीत सामान भरले, माणसे बसली, की तो घुमत नाही. म्हणून दुपारी रिकाम्या नाट्यगृहात तालीम करताना घुमणारा आवाज रात्री गर्दीपुढे कोरडा वाटतो. उघड्या मैदानात तर आवाज परत पाठवणाऱ्या भिंतीच नसतात. तेथे तो चहूकडे पसरून विरून जातो.

अ‍ॅम्प्लिफायरलाही हाच नियम लागू आहे. गिटारचा तोच संच, तेवढाच आवाज ठेवून, एखाद्या लहान सिमेंटच्या खोलीत लावला तर कानठळ्या बसतात. मैदानात तोच आवाज दुबळा वाटतो. खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, तर जाड स्वर फुगतात. पातळ पडदा लावला, तर बारीक स्वर थोडे मऊ होतात. पण जाड स्वरांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. यंत्र आवाज मोठा करते. तो स्पष्ट ऐकू येईल की नाही, हे मात्र बरेचसे जागेवर अवलंबून असते.

या गोष्टीचे शास्त्र केशवरावांच्या बालपणीच जन्माला आले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबिन नावाचे तरुण प्राध्यापक होते. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. त्यामुळे विद्यार्थ्यांना काहीच समजत नसे. 1895 साली हा दोष दूर करण्याचे काम सेबिन यांच्याकडे आले. दुसऱ्या सभागृहातील बैठकीच्या गाद्या ते रात्री तेथे आणत, मोजमाप घेत आणि सकाळ होण्यापूर्वी त्या परत नेऊन ठेवत. खोली जितकी मोठी, तितका आवाज अधिक घुमतो आणि शोषणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितका तो कमी घुमतो, याचे गणित त्यांनी शोधून काढले. त्या गणिताच्या आधारे बांधलेले बोस्टन शहरातील संगीतगृह 1900 साली सुरू झाले.

आपल्याकडील गायक नटांना हे गणित कोणी शिकवले नव्हते. त्यांचे शिक्षण रोजच्या अनुभवातून होई. शेवटच्या रांगेत बसणारा प्रेक्षक सर्वांत कमी पैसे देऊन आलेला असे. त्याच्यापर्यंत शब्द पोहोचला नाही, तर तो लगेच गलका करून आपली नाराजी दाखवी. पद आवडले, तर 'वन्स मोअर'ची आरोळीही तोच देई. केशवरावांचा उंच आणि स्वच्छ आवाज या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत जाई. म्हणून श्रीमंतांइतकाच गोरगरिबांचाही तो आवडता आवाज झाला. रसिकांनी त्यांना 'संगीतसूर्य' ही पदवी दिली.

केशवराव केवळ गाण्यावर थांबले नाहीत. मामा वरेरकर यांचे 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्याच्या दुष्ट चालीवरील नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. लोकांना पौराणिक कथांची गोडी असतानाही त्यांनी आपल्या घरांतील प्रश्न रंगमंचावर मांडले. नाटकाची सजावट सुंदर असावी, असा त्यांचा आग्रह असे. मराठी रंगमंचाला मखमली पडदा देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग 1921 साली घडला. लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड गोळा केला जात होता. त्या वेळी बालगंधर्व आणि केशवराव हे दोन स्वतंत्र मंडळींचे मालक होते. दोघांचे चाहते एकमेकांशी वाद घालत. बालगंधर्वांचे गाणे मधुर आणि मुलायम, तर केशवरावांचे गाणे तेजस्वी आणि जोरकस होते. या दोघांनी देशकार्यासाठी चुरस बाजूला ठेवली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत दोन्ही मंडळींनी मिळून कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' हे नाटक केले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर झाले. एकाच रंगमंचावरून, एकाच छताखाली हे दोन आवाज रसिकांनी ऐकले. हा 'संयुक्त मानापमान' मराठी रंगभूमीच्या इतिहासात अमर झाला आहे.

दुर्दैवाने त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवरावांचे निधन झाले. त्या वेळी ते फक्त एकतीस वर्षांचे होते. त्यांच्यामागे बापूराव पेंढारकर यांनी ललितकलादर्श सांभाळली. पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी तीच परंपरा चालवली.

केशवरावांची आठवण त्यांच्या गावानेही जपली. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज कलावंतांचे मोठे आश्रयदाते होते. उस्ताद अल्लादिया खाँ हे त्यांचे दरबारी गायक होते. महाराजांनी 1913 ते 1915 या काळात कोल्हापुरात 'पॅलेस थिएटर' हे नाट्यगृह बांधून घेतले. ध्वनिक्षेपकाशिवाय बोललेले शब्दही शेवटच्या रांगेत ऐकू येतात, अशी त्याची ख्याती झाली. 1957 साली या नाट्यगृहाला 'संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह' असे नाव देण्यात आले. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या गायकाचे नाव तशाच नाट्यगृहाला मिळाले, हे किती योग्य झाले!

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, या नाट्यगृहाला भीषण आग लागली. रंगमंच आणि छप्पर जळाले. अनेक कलावंतांच्या डोळ्यांत अश्रू आले. नाट्यगृह पूर्वीसारखेच उभारण्याचे ठरवण्यात आले. पण नाट्यगृहाचे रूप डोळ्यांना दिसते, त्याचा आवाज दिसत नाही. छताची उंची, भिंतींमधील अंतर, कोठे लाकूड आणि कोठे दगड, हे सारे जमून आले, तरच जुना आवाज परत येतो. नुसता रंग आणि नक्षी सारखी करून भागत नाही.

आवाज, पडदा, तालीम, उस्ताद हे शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आहेत. कलेचेही तसेच आहे. ती एकट्याची नसते. गाणारा गळा, त्याला तयार करणारे गुरू, नाट्यगृह बांधणारे कारागीर आणि शांतपणे ऐकणारे लोक, या सर्वांची ती मिळून असते. शिक्षण नाही, पैसा नाही, यंत्राची मदत नाही, अशा स्थितीत गरीब घरातील एका मुलाने कष्टाने आपला आवाज सर्वांत मागे बसलेल्या माणसापर्यंत पोहोचवला. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्याचे नाव आदराने घेतले जाते.

स्वाध्याय

1. केशवरावांना लहानपणी नाटक मंडळीत का जावे लागले?
2. रिकाम्या आणि भरलेल्या खोलीत आवाज वेगळा का ऐकू येतो?
3. 'संयुक्त मानापमान' कोणत्या कार्यासाठी करण्यात आले?
4. आपल्या रिकाम्या वर्गात आणि मुलांनी भरलेल्या वर्गात एकदा टाळी वाजवा. ऐकू आलेला फरक चार वाक्यांत लिहा.
5. या पाठातील उर्दूत वापरले जाणारे आणखी चार शब्द शोधा.