लेफ्टनंट जनरल थोरात : विद्या आणि अधिकारपद

सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाने महाविद्यालयीन शिक्षण पुरे करावे किंवा नाही, हा प्रश्न आपल्या अनेक कुटुंबांत निघतो. त्याचा विचार करताना कै. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे चरित्र मननीय ठरते.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूरजवळील वडगाव येथे झाला. त्या काळी इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात हिंदी तरुणांस वर्षाकाठी अवघ्या दहा जागा असत. तेथील शिक्षण पुरे करून १९२६ साली ते अधिकारी झाले. पुढे क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात त्यांनी युद्धशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगॉच्या रणांगणावर त्यांनी पंजाब पलटणीचे नेतृत्व केले व डी. एस. ओ. हा बहुमान मिळविला. १९५३ साली कोरियातील युद्धकैद्यांच्या देखरेखीस गेलेल्या भारतीय दलाचे ते सेनापती होते.

१९५७ साली पूर्व विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. सीमेचा बारकाईने अभ्यास करून ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी चिनी आक्रमणाची शक्यता व संरक्षणाची योजना लेखी मांडली. तिची उपेक्षा झाली. १९६१ साली सरसेनापतिपदही त्यांस न मिळता ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे अनुमान खरे ठरले.

मग विद्येचा उपयोग काय? विद्या बढतीची हमी देत नाही, हे खरे. परंतु तिच्याविना ती योजना लिहिलीच गेली नसती, आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही लाभले नसते. १९९२ साली ते निवर्तले, तोवर लोकादर त्यांस लाभत राहिला.

आज डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत परीक्षेद्वारे थेट प्रवेशास पदवी लागते. बारावीनंतर खडकवासल्यास जाणाऱ्यांसही तेथे पदवीचे शिक्षण घ्यावेच लागते. अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यास दहा किंवा चौदा वर्षांनी गणवेश उतरवावा लागू शकतो. तेव्हा शिक्षणच त्याचा आधार होते. आपल्या सात रस्त्यावर १९५३ पासून संगमेश्वर महाविद्यालय उभे आहे. मुलांना त्याची पायरी चढू द्यावी. रणभूमीची वाट त्यामुळे अडत नाही, उलट दूरवर जाते.