कोंबड्यांवरील प्रयोगापासून परळपर्यंत : डॉ. हाफकिन

अंधेरीच्या बाजारात गावठी कोंबडीला मागणी अधिक, कारण ती काटक समजली जाते. परंतु राणीखेत अर्थात मानमोडीचा विषाणू गावठी आणि संकरित असा भेद करीत नाही. लस न दिलेली खुराडी तो काही दिवसांत ओस पाडतो. लसीकरणाच्या शास्त्रावर कोंबडीचे ऋणही मोठे आहे. १८७९-८० मध्ये लुई पाश्चर यांनी क्षीण केलेले पटकीचे जंतू कोंबड्यांना टोचून त्यांना त्या रोगापासून वाचविले. त्याच परंपरेत मुंबईचे उपकारकर्ते डॉ. वाल्डेमार हाफकिन घडले.

१८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे प्रारंभी त्यांना ग्रंथपालाचे काम मिळाले. १८९२ मध्ये माणसांसाठी तयार केलेली पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते भारतात दाखल झाले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे थैमान सुरू झाले आणि हजारो लोक शहर सोडून गेले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत हाफकिन यांनी सारावर तुपाचे थेंब तरंगवून जंतू वाढविले, उष्णतेने मारले आणि लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली टोचणी त्यांनी स्वतःलाच घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगात लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघेच आजारी पडले, मृत्यू एकही नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीतील लशीमुळे १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना अस्वच्छ उपकरणामुळे दूषित झाल्याचे पुढे दिसून आले. तथापि निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात मानमोडीच्या लशीचा थेंब दिला जातो व आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. ही लस उन्हात राहिली तर निष्प्रभ ठरते आणि दोष मात्र लशीलाच लागतो. लस तयार करणाऱ्याइतकीच ती हाताळणाऱ्याचीही जबाबदारी असते, हा धडा हाफकिन यांच्या आयुष्याने फार मोठी किंमत मोजून दिला आहे.