चूक एकट्या कल्पनाची नव्हती

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या जयसिंगपूरच्या बचत गटाचा ऑनलाइन अर्ज राहून गेला. शेवटचं ‘सबमिट’ दाबायचं राहिलं होतं. अर्ज भरणाऱ्या वहिनींना सगळ्यांनी धारेवर धरलं, मीसुद्धा. रात्री मात्र मला कल्पना चावला आठवली.

हरियाणातल्या कर्नालची ही मुलगी चंदीगडला विमानविद्या शिकून १९८२ मध्ये अमेरिकेला गेली. १९८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि डिसेंबर १९९४ मध्ये नासाने तिला अंतराळवीर म्हणून निवडलं. यानाचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर तपासणं, हे तिच्या कामांपैकी एक.

तिच्या यानातले मुख्य संगणक १९७० च्या दशकातल्या आराखड्याचे. एकूण पाच. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी चौघे एकच गणित करून एकमेकांना तपासायचे, पाचवा राखीव. माऊस वगैरे काही नाही. अंतराळवीरांनी आकडे टाइप करायचे आणि मग आदेशाचं बटण दाबायचं. स्मृती आपल्या हातातल्या मोबाइलपेक्षा कितीतरी कमी!

नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘कोलंबिया’तून कल्पना पहिल्यांदा अंतराळात गेली. सूर्याचा अभ्यास करणारा ‘स्पार्टन’ उपग्रह यांत्रिक हाताने बाहेर सोडायचं काम तिच्याकडे होतं. पण आधी द्यायचा एक आदेश उपग्रहाला मिळालाच नाही. सोडल्यावर तो ठरल्याप्रमाणे वळेना. पुन्हा पकडायला गेली, तर तो गरगरू लागला. शेवटी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई या सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तेराशे किलोंहून जड असलेला तो उपग्रह हातांनी धरला.

बोट दाखवलं गेलं ते कल्पनाकडे. पाच महिने चौकशी चालली. संगणकाच्या मांडणीत आणि यानातल्या व जमिनीवरच्या लोकांना आखून दिलेल्या कार्यपद्धतीत दोष निघाले. कल्पना दोषमुक्त झाली. पुढे तिची दुसऱ्या मोहिमेसाठी निवडही झाली. १६ जानेवारी २००३ ला ती पुन्हा गेली. उड्डाणातच यानाच्या डाव्या पंखाला इजा झाली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही जण गेले.

अर्ज कुणी तपासायचा, हे आमच्या गटाने तरी कुठे ठरवलं होतं? दुसऱ्या दिवशी मी वहिनींच्या घरी जाऊन माफी मागितली. आता आम्ही दोघी मिळून अर्ज भरतो. एकीने वाचायचं, दुसरीने बटण दाबायचं. तुमच्याकडे एखादीवर खापर फुटत असेल, तर आधी एवढं बघा, की तिला काम नीट समजावून दिलं होतं का?