विल्यम हर्शेल आणि तांबड्यापलीकडचे किरण

मातीत वाळू, पोयटा आणि चिकणमाती किती, म्हणजेच तिचा पोत कसा, हे आज अवरक्त किरणांच्या साहाय्याने काही मिनिटांत अजमावता येते. हे किरण शोधणारे विल्यम हर्शेल मात्र मातीकडे नव्हे, सूर्याकडे पाहत होते.

1738 साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे लष्करी वाद्यवृंदातील एका वादकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते स्वतःही वादकच. तरुणपणी ते इंग्लंडला गेले, बाथ येथील चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवू लागले आणि फावल्या वेळात दुर्बिणींचे आरसे घासू लागले. 1781 मध्ये तिथल्याच घराच्या बागेतून त्यांना युरेनस दिसला. पुढच्या वर्षी राजा तिसऱ्या जॉर्जने वार्षिक मानधन दिले आणि संगीताचा पेशा सुटला.

सूर्याचे निरीक्षण करताना ते दुर्बिणीला रंगीत काचा लावत. काही काचांतून उजेड कमी येई, पण चटका चांगलाच बसे. मग कोणत्या रंगात उष्णता किती? 1800 मध्ये, वयाच्या 61व्या वर्षी, त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट टेबलावर पाडला आणि फुगा काळा केलेला तापमापक एकेका रंगात ठेवला. तुलनेसाठी आणखी दोन तापमापक वर्णपटाबाहेर होते. जांभळ्यात पारा सुमारे 2 अंश फॅरनहाइट चढला, तांबड्यात सुमारे 7. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तो त्याहूनही वर गेला.

हा न दिसणारा प्रकाशच असावा, असे त्यांना प्रथम वाटले, आणि ते बरोबर होते. पण काचा, पाणी, मद्यार्क हे पदार्थ उजेड आणि उष्णता वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. त्यावरून दोन्ही मुळातच वेगळ्या आहेत, असा निष्कर्ष त्यांनी त्याच वर्षी काढला. गंमत अशी की, ज्या निरीक्षणाने त्यांची दिशाभूल केली, त्यावरच आजची वर्णपटमिती उभी आहे. 1822 मध्ये हर्शेल यांचे निधन झाले. सूर्याच्या अवरक्त पट्ट्यात मधेमधे खंड आहेत, हे 1840 मध्ये त्यांचे पुत्र जॉन यांनी दाखवले.

मातीच्या वर्णपटात अशाच खाचा वाचायच्या असतात. चिकणमातीच्या खनिजांतील हायड्रॉक्सिल गट 1400 आणि 2200 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण शोषतात. क्वार्ट्झची वाळू तिथे जवळजवळ काहीच शोषत नाही. जुन्या पद्धतीत माती पाण्यात ढवळून कण तळाशी बसण्याची तासन्‌तास वाट पाहावी लागते. तरी ती पद्धत सुटलेली नाही. यंत्राचे गणित तिनेच तपासलेल्या नमुन्यांवर बसवावे लागते, आणि विदर्भातल्या काळ्या मातीवर बसवलेले गणित कोकणातल्या जांभ्या मातीला तसेच लागू पडेल, याची खात्री नसते.