मिठावरील कर आणि नामदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू आपल्या पंधरा रुपये पगारातून आठ रुपये त्यांच्या शिक्षणासाठी पाठवीत. पैशाचे मोल गोपाळरावांना असे बाळपणीच कळले.

पुढे त्यांनी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले व नंतर ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तेथे बहुमत सरकारी सभासदांचे. प्रश्न आगाऊ लिहून द्यावा लागे. उत्तर अपुरे वाटले, तरी त्यावर पुन्हा प्रश्न विचारण्याची मुभा नसे. काही साधायचे, तर ते आकड्यांच्या बळावरच!

त्या वेळी मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर मिठागरे डोळ्यांसमोर असत. पण तेथील गरिबालाही तो कर चुकत नसे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे तपासले. खजिन्यात शिल्लक पडते ती प्रजा सुखी आहे म्हणून नव्हे, तर कर जरुरीपेक्षा जास्त आहेत म्हणून, हे त्यांनी १९०२ साली अंदाजपत्रकावरील भाषणात दाखवून दिले. पुढच्याच वर्षी कर दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. हे एकट्या गोखल्यांचे यश नव्हे. पण त्यांनी हा विषय कधी सोडला नाही.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र १९१२ साली फेटाळले गेले. १९१५ साली ते निवर्तले.