फ्रिडाची चूल

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला असलेल्या कोयोआकान या भागातील निळ्या घरासमोर पर्यटकांची रांग लागते ती फ्रिडा काहलोची चित्रे पाहण्यासाठी. प्रत्यक्षात तिची गाजलेली बरीचशी चित्रे तेथे नाहीत. ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. घरात मात्र माणसे अधिक रेंगाळतात ती तिच्या स्वयंपाकघरात. पिवळा रंग दिलेली जमीन, निळ्या-पिवळ्या फरश्यांनी मढवलेली लांबलचक चूल, भिंतीवर टांगलेले लाकडी डाव आणि मातीची भांडी, आणि इवल्याशा बोळक्यांची अक्षरे जुळवून भिंतीवर लिहिलेली दोन नावे - फ्रिडा आणि दिएगो. या चुलीत लाकूड-कोळसा जळत असे. शहरात गॅसच्या शेगड्या मिळत असताना, आणि त्या घेण्याची ऐपत असताना, या घराने जुनी चूल ठेवली. हा निव्वळ हौसेचा भाग नव्हता. तो एक पक्ष घेण्याचा प्रकार होता.

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ रोजी याच घरात झाला. वडील गिलेर्मो काहलो जर्मनीतून आलेले छायाचित्रकार. आई मातिल्दे काल्देरोन स्पॅनिश व मूलनिवासी अशा मिश्र वंशाची. तेव्हा मेक्सिकोवर पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाचा अंमल होता आणि राजधानीतील प्रतिष्ठितांच्या मेजवान्यांत फ्रेंच पदार्थांचा मान मोठा होता. गव्हाचा पाव हा सुधारलेल्या माणसाचा आहार आणि मक्याची तोर्तिया ही गावंढळ इंडियनांची भाकरी, असा समज केवळ बोलण्यात नव्हता. फ्रान्सिस्को बुल्नेस या विचारवंताने १८९९ साली मका खाणारे समाज मागासच राहणार असा सिद्धान्तच मांडला होता. आपल्याकडेही ज्वारी-बाजरीच्या भाकरीला पाहुण्यांपुढे यायला संकोच वाटण्याचा काळ होऊन गेला आहे. त्यामुळे मेक्सिकोच्या या न्यूनगंडाची जात ओळखायला मराठी वाचकाला फारसे कष्ट पडू नयेत.

१९१० साली क्रांती झाली आणि तिच्यामागोमाग यादवीची दहा वर्षे आली. शेतकरी नेता झापाता याचे जखमी सैनिक कोयोआकानच्या रस्त्यांतून पळत येत, तेव्हा मातिल्देने घराच्या खिडक्या उघडून त्यांना आत घेतले, त्यांच्या जखमा बांधल्या आणि मक्याच्या जाडसर गोर्दिता खाऊ घातल्या. त्या दिवसांत कोयोआकानमध्ये तेवढेच मिळत होते. ही आठवण फ्रिडाने पुढे आपल्या डायरीत नोंदवून ठेवली. आपण क्रांतीबरोबर जन्मलो असे सांगण्यासाठी तिने जन्मसालही १९१० करून टाकले होते.

सहाव्या वर्षी पोलिओने तिचा उजवा पाय बारीक झाला. १७ सप्टेंबर १९२५ रोजी, ती अठरा वर्षांची असताना, तिच्या बसवर ट्राम आदळली. कणा, कटी, पाय सारे मोडले. अंथरुणावर पडल्या पडल्या ती चित्रे काढू लागली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिची वहिवाट इतकी झाली आहे की उरलेले आयुष्य तिच्याखाली झाकले जाते.

२१ ऑगस्ट १९२९ रोजी तिने दिएगो रिव्हेराशी लग्न केले. तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, देहाने अवाढव्य, देशातील सर्वांत नामवंत भित्तिचित्रकार आणि खाण्याचा अतोनात शौकीन. काहलो कुटुंबाच्या घरावर चढलेले गहाणाचे कर्ज त्यानेच फेडले. फ्रिडाला तेव्हा स्वयंपाक येत नव्हता. तो तिला शिकवला लुपे मारीनने, म्हणजे दिएगोच्या आधीच्या बायकोने. लग्नाच्या मेजवानीत हीच लुपे नव्या नवरीला घालूनपाडून बोलली होती. तरीही पुढे तीच फ्रिडाला ला मेर्सेद या जुन्या बाजारात घेऊन गेली, भांडीकुंडी निवडून दिली आणि दिएगोला आवडणारे पदार्थ करायला शिकवले. या दोघींचे नाते मत्सराचे होते की सख्याचे, हे ठरवणे कठीण आहे, बहुधा दोन्हीचे.

या स्वयंपाकाचा पाया मका. चुना घातलेल्या पाण्यात तो शिजवायचा, रात्रभर भिजू द्यायचा, साले धुऊन काढायची आणि मेतात्ते या तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटायचा. त्या पिठाची तोर्तिया कोमालवर, म्हणजे मातीच्या तव्यावर भाजायची. चुन्यामुळे मक्यातील जे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही ते मिळू लागते. ही युक्ती न घेता युरोपने नुसता मका उचलला आणि तेथील गरिबांना पेलाग्रा या रोगाने गाठले. त्यावर मोले. सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे किंवा बदाम, मसाले आणि थोडे चॉकलेट असे एकेक जिन्नस भाजून, वाटून, तासन्‌तास आटवलेले दाट कालवण. आपल्या काळ्या मसाल्याचा दूरचा भाऊ म्हणावा असा हा प्रकार आहे. मात्र त्याला चॉकलेटची भाजी समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

मक्याच्या या प्रतिष्ठेच्या लढाईत एक मराठी माणूसही होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवता शिकवता त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले. त्याच विद्यालयाच्या भिंती तेव्हा रिव्हेरा रंगवत होता, आणि खानखोज्यांच्या कामाची छायाचित्रे घेणारी तीना मोदोत्ती ही फ्रिडाचीही मैत्रीण होती.

लग्नानंतरच्या काळात दिएगो पायाडावर काम करत असताना फ्रिडा त्याचे दुपारचे जेवण टोपलीतून घेऊन जाई. टोपलीवर फुले आणि प्रेमाचे शब्द भरतकामाने काढलेले रुमाल. शेतकऱ्याच्या बायका शेतावर न्याहारी नेतात तशी ही रीत तिने मुद्दाम उचलली होती. तेहुआन्तेपेकच्या बायकांचे लांब झगे ती घालू लागली तेही याच काळातले. छायाचित्रकाराची शहरी, शिकलेली मुलगी आपल्याला शेतकरीण म्हणून घडवत होती. यात नाटक होते हे खरे. पण ज्या समाजाला आपल्या भाकरीची लाज वाटते तेथे असे नाटकही उपयोगी पडते.

अमेरिकेत ते नाटक टिकणे अवघड होते. दिएगोच्या कामांमुळे १९३० ते १९३३ या काळातील बरीच वर्षे दोघे सान फ्रान्सिस्को, डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क येथे राहिली. तेथले बेचव अन्न तिला रुचले नाही. जुलै १९३२ मध्ये डेट्रॉइटला तिचा गर्भपात झाला, सप्टेंबरात आई गेली. परतल्यावर सान आन्हेलमध्ये वास्तुविशारद हुआन ओ'गोर्मानने बांधलेल्या आधुनिक जोडघरांत दोघे राहू लागली. त्याचे मोठे, तिचे लहान आणि मध्ये गच्चीवरून पूल. १९३४ मध्ये दिएगोचे आपल्या सख्ख्या बहिणीशी, क्रिस्तिनाशी, संबंध असल्याचे तिला कळले. नोव्हेंबर १९३९ मध्ये घटस्फोट झाला आणि ८ डिसेंबर १९४० रोजी त्याच माणसाशी पुन्हा लग्न. दुसऱ्या लग्नात तिची एक अट अशी होती की घरखर्चाचा निम्मा वाटा ती स्वतःच्या कमाईतून उचलील.

कोयोआकानचे घर खऱ्या अर्थाने तिचे झाले ते यानंतर. १९३७ मध्ये तेथे आश्रयाला आलेला ट्रॉट्स्की केव्हाच दुसरीकडे राहायला गेला होता आणि ऑगस्ट १९४० मध्ये त्याचा खून झाला होता. १९४१ मध्ये तिचे वडील वारले. आता या घरात टेबल मांडणे हा फ्रिडाचा रोजचा सोहळा झाला. पिवळे टेबल, हाताने घडवलेली मातीची ताटे, मध्ये फुले आणि फळे, आणि लोण्याच्या गोळ्यासाठी भांड्यांमधून वाट काढत येणारा बोनितो नावाचा पोपट. दिएगो व लुपे यांची मुलगी ग्वादालुपे काही काळ या घरी राहिली होती. तिने या घरच्या सणावारांचे आणि पाककृतींचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरात होणारे चिलेस एन नोगादा आहेत: सारण भरलेली मोठी हिरवी पोब्लानो मिरची, वर ताज्या अक्रोडांचा पांढरा रस्सा आणि डाळिंबाचे लाल दाणे. हिरवा, पांढरा, लाल हे मेक्सिकोच्या ध्वजाचेच रंग. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. घरात मोलकरणी होत्या, आणि अशा चुलीचे सौंदर्य मालकिणीला जितके दिसते तितके फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईला दिसत असेलच असे नाही.

१९४३ पासून ती ला एस्मेराल्दा कलाशाळेत शिकवू लागली. प्रकृतीमुळे जाणे-येणे झेपेना, तेव्हा विद्यार्थीच घरी येऊ लागले. तिने त्यांना घराजवळच्या ला रोसिता या पुल्केच्या गुत्त्याची भिंत रंगवायला लावली. पुल्के म्हणजे घायपाताच्या जातीच्या मागेय या झाडाचा आंबवलेला रस, दिसायला थेट ताडीसारखा. तिच्या दृष्टीने बाजार आणि गुत्ता ही चित्रकाराची शाळाच होती.

याच सुमारास शरीराने अन्नाशी वैर धरले. भूक गेली, वजन उतरत चालले; डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती आणि दर दोन तासांनी मऊ शिजवलेले अन्न असा उपाय सांगितला. १९४५ मध्ये तिने काढलेल्या एका छोट्या चित्राचे नाव आहे निराशा या अर्थाचे, सिन एस्पेरान्सा. ती पलंगावर खिळून आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि लाकडी घोडीवर टेकवलेल्या प्रचंड नरसाळ्यातून मासे, कोंबडी, मांस असा चिखल तिच्या तोंडात ओतला जात आहे. वर साखरेची कवटी आहे, कपाळावर तिचे नाव. जिने उभ्या गावाला जेवू घातले तिला अन्नाची शिसारी येऊ लागली होती. तिच्या रक्तबंबाळ चित्रांची चर्चा फार होते; पण हे चित्र त्यांपेक्षा अधिक भयंकर आहे.

१९५० चे जवळजवळ सारे वर्ष रुग्णालयात गेले. त्यानंतर ती प्रामुख्याने फळे रंगवत राहिली. उशाशी ठेवलेल्या टेबलावरची कलिंगडे, पपया, नारळ, निवडुंगाची लाल बोंडे, आणि केशरी गराचे मामेय, जे आपल्या चिकूच्याच कुळातले. चिकू हे नावही तिकडच्या चिकोसापोतेवरूनच आले आहे. वेदनाशामक औषधांनी आणि दारूने तिचा हात थरथरू लागला होता, तरी चिरलेल्या फळाचा रसरशीतपणा तिने सोडला नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १३ जुलै १९५४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती याच घरात वारली. कलिंगडांचे विवा ला विदा हे तिचे अखेरचे चित्र मानले जाते. त्याचे नाव तिने पुढल्या लालबुंद फोडीवरच लिहिले आहे. जुलै १९५८ मध्ये घराचे संग्रहालय झाले.

संग्रहालयाच्या कोपऱ्यावरून जाणाऱ्या आयेंदे रस्त्याने थोडे चालले की कोयोआकानचा बाजार लागतो. फ्रिडाने रंगवलेली फळे तेथे आजही राशीने असतात. हा बाजार तोस्तादांसाठी प्रसिद्ध आहे: कडक तळलेल्या तोर्तियेवर तिखटसर कोंबडी, सागरी मासळी किंवा मशरूम, वर लिंबू आणि साल्सा. शाकाहारी माणसाने भोपळ्याच्या फुलांची किंवा मक्याच्या कणसावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची, म्हणजे उइत्लाकोचेची, केसादिया मागावी. राजधानीत केसादियेत चीज असेलच असे नाही, ते वेगळे सांगावे लागते. आणि घोटलेल्या घेवड्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते, तेव्हा आधी विचारलेले बरे. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते.

नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या सणाला निळ्या घरात फ्रिडासाठी दरवर्षी झेंडूच्या फुलांत नैवेद्य मांडला जातो. आपल्या पितृपक्षातील पानासारखाच: गेलेल्या माणसाला आवडणारे पदार्थ, पाणी, पाव आणि फळे.