एका शब्दाचे मोल

मुलांनो, मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मी नागरिकशास्त्र शिकवीत होतो. एका मुलीने विचारले की, राज्यघटना तर लिहून झाली, मग तिच्या अर्थावरून लोक कोर्टात का जातात? प्रश्न मोठा चांगला होता. तासात मी थोडक्यात उत्तर दिले, पण माझेच समाधान झाले नाही. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील ही हकिगत आज लिहीत आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसायचे. नळाला हात लावायचा नाही! शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहान तशीच. पण अभ्यास सोडला नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली ते अमेरिकेला गेले. पुढे लंडनला बॅरिस्टर झाले.

महाडच्या चवदार तळ्याचे बघा. तळे सर्वांना खुले, असा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण कागदावरचा ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या बांधवांना घेऊन गेले आणि तळ्याचे पाणी प्याले. पुढे खटला झाला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. लिहिलेला हक्क हातात पडायला किती कष्ट लागतात, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

१९४७ साली ते देशाचे कायदामंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून घटना लागू झाली. आणि वर्षभरातच अर्थाचा प्रश्न उभा राहिला.

मद्रास सरकारने कॉलेजातल्या जागा दर १४ मागे जातीजमातींना वाटून दिल्या होत्या. त्याविरुद्ध खटला झाला. एप्रिल १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाटणी घटनेविरुद्ध ठरवली. कारण सरकारी मदतीच्या शाळा-कॉलेजांत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून प्रवेश नाकारू नये, असे घटनेच्या २९व्या कलमात आहे.

बाबासाहेबांना हा अर्थ पटला नाही. मे महिन्यात संसदेत त्यांनी त्या कलमातल्या ‘केवळ’ या शब्दाकडे बोट दाखवले. त्या शब्दाचा पुरेसा विचार झालेला नाही, असे त्यांचे मत होते.

आपण वर्गातलेच उदाहरण घेऊ. समजा, नियम असा की, केवळ उंच आहे म्हणून कोणाला मागे बसवायचे नाही. आता एका मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नाही. त्याला पुढे घेतले, म्हणून एक उंच मुलगा मागे गेला. तो केवळ उंचीमुळे मागे गेला काय? नाही. कारण दुसरेच आहे. एक शब्द वगळून वाचला, तर नियमाचा अर्थच बदलतो!

पण बाबासाहेबांनी निकाल झुगारा असे सांगितले नाही. निकाल पटो न पटो, तो पाळायचाच, ही त्यांची भूमिका होती. मग संसदेने रीतसर घटना दुरुस्त केली. जून १९५१ मध्ये १५व्या कलमात चौथे उपकलम आले. मागासलेल्या वर्गांच्या उन्नतीसाठी खास तरतूद करायला सरकारला वाट मिळाली.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोकऱ्यांत राखीव जागा बेसुमार होऊन इतरांची समान संधीच नाहीशी होऊ नये, हेही त्यांनी १९४८ सालीच घटना समितीत सांगितले होते. तसे झाले तर कोर्टाचे दार उघडे आहे, असे ते म्हणाले होते. म्हणजे कोर्टावर त्यांचा राग नव्हता. घटना दुबळ्याच्या उपयोगी पडावी आणि कोणावर अन्यायही होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे लोक चांगले हवेत, हे त्यांनी १९४९ सालीच बजावून ठेवले होते. ते लोक म्हणजे उद्याचे तुम्हीच. तेव्हा मुलांनो, धडा वाचताना एकही शब्द गाळू नका. न जाणो, तोच शब्द कोणाचा तरी हक्क असेल.